हद्द कायम

नातवाच्या शाळेतून प्रश्न आलाय, व्हँकुव्हरहून:
आजोबांचं घर किती लांब?
एक चौकट आकड्यासाठी,
शेजारी छोटी रेघ, एकक लिहायला.

मी एकतीस वर्षं भूकरमापक, पनवेल तालुका.
असं अंतर कुणी विचारलं नव्हतं मला
ज्याच्या मध्ये बांध नाही, सामाईक विहीर नाही,
दोन भावांच्या हद्दीवर वाढलेला आंबा नाही.

वाशीहून पृथ्वीचा गोल आणला,
खारघरवर बोट ठेवून दोरा ताणला.
वाटलं होतं, पश्चिमेला जाईल, समुद्रावरून,
तर दोरा निघाला सरळ उत्तरेला,
काराकोरम ओलांडून, सैबेरियाच्या पाठीवरून,
ध्रुवाला खांदा घासून अलास्कातून खाली.
बारा हजार दोनशे पंचेचाळीस किलोमीटर.
आमच्या तेहतीस फुटी साखळीने
बारा लाख सतरा हजार साखळ्या.
वरचं सोडून देऊ.

जोमा घरतला फोन केला.
साखळीचं दुसरं टोक तो धरायचा,
उलव्याच्या तिवरांत, गुडघाभर चिखलात,
"धरलाय सायेब" म्हणून ओरडायचा.
त्याचं स्वतःचं खाचरही आम्हीच मोजलं होतं,
सव्वीस गुंठे. आता तिथून विमान उठतं.
करंजाड्याच्या गच्चीवर बसून तो बघतो,
म्हणतो, आत्ता गेला बघा माझ्या भातावरून.
"बारा लाख?" तो हसला,
"मंग मधी खुंट्या कुठं मारायच्या?"

मार्गशीर्षात शालन गेली. पहाटेचे चार.
तिकडे आदल्या दिवसाची दुपार, अडीच.
हेमांगीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात
आई गेली ती तारीख उगवायचीच होती.
ती म्हणाली, बाबा, थांबा, मी निघते.

मी कागद घेतला. सवयच ती.
हवेत साडेसतरा तास.
फ्रँकफर्टच्या बाकावर सहा.
मग रांगा, पट्टे, शिक्के, जिने,
आणि सहारपासून खारघरपर्यंतचं
ते चाळीसएक किलोमीटर, जे कधीच चाळीस नसतात.
बेरीज एकतीस तास.
सेवेच्या वर्षांइतकी. उगीच लक्षात राहिलं.

खाली बर्फवाला उभा.
काका, किती लाद्या?
जन्मभर मोजत आलो,
आणि याचं उत्तर देता येईना.
जोमा तोवर आला होता पहिल्या रिक्षाने.
त्याच्या घरात तीन पिढ्यांची मासळी.
शालनच्या पायांकडे बघत,
अगदी हळू आवाजात म्हणाला,
आत्ता आठ. दुपारी चार. रात्रीचं मी बघतो.

शेजारी येत होते, विचारत होते, कुठवर पोचली?
म्हणजे अंतर विचारत होते.
मी फरशीवरून सरकणाऱ्या पाण्याकडे बघायचो,
जोमा ते पोत्याने टिपायचा,
पिळायचा मोरीत,
पुन्हा टिपायचा.

ती आली दुसऱ्या दिवशी अकराला,
मानखुर्दला वीस मिनिटं अडकून.
चप्पल पायात तशीच.
आईच्या कपाळाला हात लावला
आणि झटकन मागे घेतला.
थंडीच्या देशात राहणारी माझी मुलगी.

आज स्क्रीनवर नातू पेन्सिल चावतोय.
आकडा त्याने लिहिला, पाच मात्र उलटा.
"आजोबा, युनिट काय लिहू?"
मागे हेमांगी डब्यात सफरचंद भरत होती,
सुरी थांबली तिची.
मी म्हटलं, किलोमीटर लिही.
लाद्या त्याच्या बाईंना कळल्या नसत्या.

"झोपा आता, तुमच्याकडे रात्र आहे,"
असं म्हणून तो शाळेला गेला.
उलव्याच्या बाजूने एक विमान उठलं,
लाल दिवा, पांढरा, लाल.
दोरा अजून गोलावरच आहे, चिकटपट्टीने अडकवलेला.
मध्ये कुठेतरी सैल पडलाय.
उद्या ताणून घेईन.